पासवर्ड आहे, पण कुलूप कुठं आहे?

मागे धुळ्याहून भाचीचा फोन आला. संगणक सुरूच होत नव्हता, दुरुस्तीला द्यायचा होता. "मामा, त्यात घरातले खासगी फोटो आहेत. पण पासवर्ड टाकलेला आहे, मग काळजी नाही ना?" मी म्हटलं, "आहे. आज देऊ नकोस."

श्रोतेहो, हा गैरसमज अनेकांचा असतो. संगणक सुरू करताना विचारला जाणारा पासवर्ड म्हणजे दारावरचा पहारेकरी. समोरून येणाऱ्याला तो अडवतो. पण आतली हार्ड डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडली, की पहारेकरी दारातच उभा राहतो आणि फोटो दिसू लागतात. फोल्डर 'हिडन' करणं तर त्याहून कच्चं. ते लपवणं झालं, कुलूप नव्हे.

खरं कुलूप म्हणजे एन्क्रिप्शन. यात फोटोची माहितीच सांकेतिक रूपात बदलते. डिस्क कुठेही जोडा, पासवर्डशिवाय अर्थ लागत नाही. 'सेव्हन-झिप' हा मोफत प्रोग्रॅम हे काम करतो. फोल्डरवर राइट क्लिक करून 'अ‍ॅड टू आर्काइव्ह' निवडा, 'सेव्हन-झेड' प्रकार घ्या आणि लांब पासवर्ड द्या. 'एन्क्रिप्ट फाइल नेम्स'वर खूण करायला विसरू नका, नाहीतर फोटो उघडले नाहीत तरी त्यांची नावं वाचता येतात. विंडोजच्या 'प्रो' आवृत्तीत 'बिटलॉकर'नं सगळी डिस्कच कुलूपबंद करता येते.

आता दोन खाचखळगे. पहिला, मूळ फोटो. ते डिलीट केले, रिसायकल बिन रिकामी केली, तरी हार्ड डिस्कवर ती जागा फक्त 'मोकळी' म्हणून नोंदली जाते. तिथं दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत फोटो परत मिळवता येतात. म्हणून फोटो साठवण्याआधीच डिस्कला कुलूप घालणं उत्तम. दुसरा, विसरलेला पासवर्ड. तो गेला तर फोटोही गेले, कुणीही उघडून देणार नाही. तेव्हा तो कागदावर लिहून दागिन्यांच्या कपाटात ठेवा, मॉनिटरवर चिकटवू नका.

एवढा खटाटोप कशासाठी? हाँगकाँगमध्ये २००८ साली अभिनेता एडिसन चेनचे खासगी फोटो जगभर पसरले. दुरुस्तीला दिलेल्या संगणकातून ते उतरवून घेतले गेले होते. संबंधित तंत्रज्ञाला २००९ मध्ये तुरुंगवास झाला, पण फोटो काही परत आले नाहीत. आणि आपल्या जळगावला तर हे वेगळं सांगायला नको. १९९४ साली उघडकीस आलेल्या प्रकरणात फोटोंचा धाक दाखवून मुली-स्त्रियांचा छळ झाला. तेव्हा घरोघरी संगणकही नव्हते. बदनामीच्या भीतीनं अनेकजणी पुढेच आल्या नाहीत. दोष मात्र त्यांचा कधीच नव्हता. आज असं काही घडलं तर गप्प बसू नका, धमकीचे संदेश पुसू नका. १९३० या सायबर मदत क्रमांकावर किंवा पोलिसांत तक्रार करा. संमतीशिवाय कुणाचं नग्न चित्र काढणं वा पसरवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-ई नुसार गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

भाचीचा संगणक तर सुरूच होत नव्हता, कुलूप घालणार कसं? मी तिला डिस्क काढून घरी ठेवायला आणि उरलेला संगणक दुकानात द्यायला सांगितलं. बिघाड पॉवर सप्लायचा निघाला. डिस्क कपाटातून हललीसुद्धा नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)