पाळकाची पाठशाळा

दत्तजयंती आणि नाताळ हे दोन्ही उत्सव बहुधा डिसेंबरातच येतात. श्रीअंबाबाईच्या या करवीर नगरीत रेव्हरंड वायल्डर हे अमेरिकन मिशनरी १८५२ साली आले. त्यांच्या नावाचे चर्च आजही येथे उभे आहे. नाताळातील त्याची रोषणाई आपण जाता-येता पाहतो. परंतु तेथे उभा राहून उपदेश करणारा कसा घडतो, याची चौकशी सहसा करीत नाही. आमचा जन्म कीर्तनात गेला, म्हणून आम्हांस ती जिज्ञासा विशेष.

मराठी ख्रिस्ती मंडळींत उपदेशकास 'पाळक' म्हणतात. पाळक म्हणजे मेंढपाळ. कळपातील एक मेंढरू मागे राहिले तर परतून जाणारा धनगर आपल्या माळरानांनी पुष्कळ पाहिला आहे. त्यामुळे या शब्दाचा भावार्थ आपणांस निराळा सांगावयास नको.

हा पाळक घडविणाऱ्या विद्यालयास सेमिनरी म्हणतात. यवतमाळ येथे १९५३ साली स्थापन झालेली युनियन बिब्लिकल सेमिनरी १९८३ मध्ये पुण्यास आली. कॅथलिकांची पेपल सेमिनरी श्रीलंकेतील कँडी येथे १८९३ साली निघाली व १९५५ मध्ये पुण्यास स्थिरावली. कॅथलिक धर्मगुरूस तत्त्वज्ञान व ईश्वरविज्ञान मिळून किमान ६ वर्षे अध्ययन करावे लागते आणि आजन्म ब्रह्मचर्य पाळावे लागते. प्रॉटेस्टंट पाळक गृहस्थाश्रमी असू शकतो. बायबलचा जुना करार मुख्यतः हिब्रू भाषेतील, नवा करार ग्रीक भाषेतील. म्हणून या विद्यालयांतून त्या भाषाही शिकविल्या जातात. संस्कृतावाचून आपले निरूपण अडते, तशातलाच हा प्रकार. शिवाय उपदेश कसा रचावा, याचे निराळे शास्त्र असते. याखेरीज विद्यार्थ्यास मंडळीत, रुग्णालयात, दुःखिताच्या घरी पाठवितात. हा अखेरचा विषय ऐकून आम्ही थबकलो. त्याचे कारण सांगतो.

आमच्या उमेदीच्या काळी एका गावी कीर्तन आटोपून निघालो असता, ज्या घरचा तरुण मुलगा नुकताच गेला होता तेथे लोकांनी आम्हांस नेले. आम्ही गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील श्लोक म्हटले, आत्म्याचे अमरत्व सांगितले. मुलाचा बाप एवढेच म्हणाला, "बुवा, घटकाभर बसा." पुढच्या गावचे कीर्तन ठरलेले होते. आम्ही उठलो. श्लोक बिनचूक म्हटले गेले होते. चुकले ते आमचे उठणे. ते आम्हांस कोणी शिकविले नव्हते.

फुलांमुलांचे कवी म्हणून ज्यांना महाराष्ट्र ओळखतो, ते नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले. अहमदनगरच्या मिशनच्या सेमिनरीत त्यांनी भावी उपदेशकांना शिकविले. आपल्याच कीर्तनपरंपरेचा बाज घेऊन ते ख्रिस्तकीर्तनेही करीत. मात्र १९१७ साली त्यांनी मिशनची वेतनाची नोकरी सोडली आणि संन्यासवृत्ती स्वीकारली. योग असा की, त्याच १९१७ साली विष्णुबुवा जोग महाराजांनी आळंदीस वारकरी शिक्षण संस्था स्थापन केली. तेथे ४ वर्षे अध्ययन करून कीर्तनकार तयार होतात. एका पंथातील थोर पुरुष चाकरीच्या चौकटीतून बाहेर पडला, तर दुसऱ्या पंथातील थोर पुरुषाने उपदेशकांसाठी शिक्षणाची चौकट उभारली. वरवर हा विरोध भासतो. पण दोघांची चिंता आम्हांस एकच वाटते. विद्येवाचून उपदेश पोकळ होतो, आणि वेतन वा बिदागी हेच सर्वस्व झाले की तोच उपदेश धंदा होतो. कीर्तनाचा विक्रय करू नये, हा वारकऱ्यांचा दंडक याच भयापोटी आहे.

पंथ भिन्न, उपास्य भिन्न, ग्रंथही भिन्न. तरी लोकांसमोर उभे राहून देवाचे नाव घेणाऱ्या प्रत्येकाची परीक्षा व्यासपीठावर होत नाही. ती खाली उतरल्यावर, एखाद्या अंधाऱ्या ओसरीवर होते. सेमिनरी तिची तयारी करून घेऊ पाहते, ही गोष्ट आम्हां कीर्तनकारांनी मनावर घ्यावी अशी आहे. उत्तीर्ण होणे मात्र ज्याचे त्याच्याकडे.

वाचकहो, उत्सवाच्या या दिवसांत आपल्या गल्लीत एखादे सुतकाचे घर असेल. तेथे पणती नसेल, प्रसाद नसेल. आपण आरती आटोपून घटकाभर तेथे जाऊन बसावे. बोलता न आले तरी चालेल. आम्ही मात्र त्या दिवशी बसलो नाही, याची रुखरुख आज इतक्या वर्षांनीही आमच्या चिपळ्यांत वाजते.