आरटीसी ड्रायव्हरचे परीक्षण : घड्याळ थांबले होते, हे कळते का?

संगणकाचा वीजपुरवठा बंद झाल्यावरही नाण्याएवढ्या बॅटरीवर वेळ मोजत राहणारी चिप म्हणजे रिअल टाइम क्लॉक, म्हणजेच आरटीसी. तिचा क्रिस्टल सेकंदाला ३२,७६८ कंपने करतो. हा आकडा २ चा १५ वा घात आहे. त्यामुळे पंधरा वेळा दोनने भागले की सेकंदाला एक ठोका मिळतो.

लिनक्स कर्नलमधील आरटीसी ड्रायव्हर आकाराने लहान असतात, म्हणून कोड परीक्षण शिकायला ते सोयीचे. उदाहरणासाठी डीएस३२३१ ही चिप घेऊ.

पहिल्या चुका रूपांतरातल्या. चिप वेळ बीसीडी पद्धतीत ठेवते. ४५ मिनिटे म्हणजे वरच्या चार बिटांत ४ आणि खालच्या चार बिटांत ५. तोच बाइट साधा बायनरी समजून वाचला, तर ६९ मिळतात. चिपमध्ये जानेवारी १ असतो, कर्नलच्या रचनेत ०. कर्नल वर्ष १९०० पासून मोजतो, म्हणून चिपमधील २५ हे तिथे १२५ होते. या चुका पहिल्याच चाचणीत दिसतात. परीक्षकाने त्यांवर फार वेळ घालवू नये.

पुढची चूक क्वचितच दिसते. समजा, १०:५९:५९ झाले आहेत. ड्रायव्हरने आधी तास वाचला, १०. तेवढ्यात घड्याळ पुढे सरकले आणि मिनिट व सेकंद दोन्ही ० मिळाले. हाती आले १०:००:००, म्हणजे पूर्ण एक तास मागे! म्हणून सर्व रजिस्टर एकाच व्यवहारात सलग वाचलेली आहेत का, हे पाहावे. आय२सी व्यवहार सुरू होताच ही चिप वेळेची प्रत वेगळ्या बफरमध्ये घेते, पण तिचा फायदा सलग वाचनातच मिळतो.

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. बॅटरी संपून ऑसिलेटर थांबला, की डीएस३२३१ च्या स्टेटस रजिस्टरमधील ओएसएफ हा बिट १ होतो आणि सॉफ्टवेअरने पुसेपर्यंत १ च राहतो. चिपमधील वेळ विश्वासार्ह नाही, याचा हा एकमेव पुरावा. पुष्कळ नवशिके (आमचे विद्यार्थीही) प्रोब फंक्शनमध्येच हा बिट पुसतात आणि वर १ जानेवारी २००० ही तारीख लिहून टाकतात. कोड नीटनेटका दिसतो, पण पुरावा नष्ट झालेला असतो. यानंतर वाचणाऱ्याला २००० सालची वेळ खरी म्हणूनच मिळते. त्या तारखेवर वेबसाइटची सुरक्षा प्रमाणपत्रे नाकारली जातात. नेटवर्क नसलेल्या डेटा लॉगरमध्ये तर आठवड्याच्या नोंदी चुकीच्या तारखेने साठतात आणि कोणालाही शंका येत नाही.

योग्य रीत अशी : ओएसएफ १ असेल तर वेळ वाचणाऱ्या फंक्शनने ईइनव्हॅल ही त्रुटी परत करावी. वेळ लावणाऱ्या फंक्शनने आधी नवी वेळ लिहावी आणि ते लेखन यशस्वी झाल्यावरच बिट पुसावा. क्रम उलटा असेल आणि लेखन मध्येच फसले, तर पुन्हा तोच घोटाळा. जुन्या काही ड्रायव्हरांत प्रोबमध्येच बिट पुसून फक्त इशारा छापलेला सापडेल. तो नमुना उचलू नये.

वेळेची वैधता तपासणे आणि लॉक घेणे ही कामे आरटीसीचा सामायिक गाभा करतो. ड्रायव्हरमध्ये ती पुन्हा आली असतील तर काढायला सांगावीत. दोन अंकी वर्षाची मर्यादा, म्हणजे २००० ते २०९९, मात्र ड्रायव्हरनेच गाभ्याला कळवायची असते.

चाचणी सोपी आहे. वीज बंद करून बॅटरी काढा, थोड्या वेळाने परत बसवा आणि संगणक सुरू करा. एचडब्ल्यूक्लॉकने वेळ वाचायला गेल्यावर त्रुटी आली पाहिजे. आता वेळ न लावता ड्रायव्हर काढून पुन्हा लोड करा आणि परत वाचा. या दुसऱ्या वाचनात त्रुटीऐवजी तारीख मिळाली, तर प्रोबमध्ये बिट कुठे पुसला आहे ते शोधा.