नुसतं 'फ्लोट' म्हणून भागत नाही

"फाइलमध्ये आहे काय?" असं विचारलं की ठरलेलं उत्तर येतं, "फ्लोट आहेत, सर." झालं, सगळं सांगून झालं!

नाही झालं. आकडा पूर्णांक की फ्लोट, किती बाइटांचा आणि बाइट कुठल्या क्रमाने, हे तिन्ही कळल्याशिवाय बायनरी फाइल वाचता येत नाही. पायथनच्या नमपाय लायब्ररीत तिन्ही '<एफ४' एवढ्यात मावतात: फ्लोट, चार बाइट, लहान टोक आधी, म्हणजे लिटल-एंडियन. मोठं टोक आधी असेल तर '>'.

"क्रम काय, मशीन बघून घेतं," हा सगळ्यात चिवट गैरसमज. मशीन काहीही बघत नाही. हवामान विभागाच्या पुणे कार्यालयाची पाव अंशाची पावसाची फाइल घ्या. १३५ × १२९ चौकटी, प्रत्येकीला चार बाइट, दिवसाचे ६९,६६० बाइट. वर शीर्षक नाही, काही नाही. नोंद नसेल तिथे उणे ९९९, आणि तो फाइलमध्ये ००, सी०, ७९, सी४ असा पडलेला असतो. क्रम उलटा धरलात तर त्याचं होतं दशांशचिन्हापुढे सदतीस शून्यं आणि मग १७७. खरा शून्य उलटूनही शून्यच. म्हणजे कोरड्या दिवसाच्या नकाशात 'नोंद नाही'चं गुपचूप 'पाऊस नाही' होतं, आणि एरर? कसली एरर! तेच बाइट पूर्णांक समजून वाचले तर उणे ९९ कोटी ८६ लाख येतात. ते निदान डोळ्यांत तरी खुपतात.

"आयट्रिपलई ७५४ मानक आहे ना?" आहे, १९८५पासून. ते बिटांची मांडणी ठरवतं. फाइलमध्ये कुठला बाइट आधी, ते नाही. कुठला बाइट आधी या वादाला, गलिव्हरच्या गोष्टीतल्या 'अंडं कुठल्या टोकाने फोडायचं' या भांडणावरून, 'एंडियन' हे नाव संगणकतज्ज्ञ डॅनी कोहेन यांनी दिलं, तेही १९८०च्या १ एप्रिलला. तारीख बघा!

बाकीचे गैरसमज पटापट. क्रम उलटला की बाइट उलटतात, बाइटातले बिट नाहीत. नमपायचा 'आय८' आठ बाइटांचा, 'इंट८' आठ बिटांचा. हे दोघे भल्याभल्यांना फसवतात. सी भाषेतला 'लाँग' ६४-बिट लिनक्सवर आठ बाइट, ६४-बिट विंडोजवर चारच. १९९९च्या मानकातला 'इंट३२_टी' आकार पक्का करतो, क्रमाबद्दल तोही गप्प. आणि "आता सगळं लिटल-एंडियनच असतं" म्हणणाऱ्यांनी खगोलशास्त्राची एखादी फिट्स फाइल उघडावी. तिथे आजही मोठं टोकच आधी.