काचेआडची शेकोटी

"काहीतरी टेक्निकल लिहा, पण पोरांना झोप यायला नको," अशी अट घालून मराठी विभागाच्या संपादकांनी माजी विद्यार्थी म्हणून माझ्याकडे लेख मागितला. अट अवघड आहे, कारण आमच्या वेळी थर्मोच्या लेक्चरला पहिल्या बाकावरचेसुद्धा डुलक्या घेत! तरी थर्मोवरच लिहितो. विषय आहे आमच्या घरी बसवलेली गॅसची फायरप्लेस. "आपल्याकडे कोणाला लागते ती?" म्हणून पान उलटू नका. लेख शेवटी तुमच्या भाड्याच्या रूमच्या बाथरूमपर्यंत येणार आहे.

आधी जागा सांगतो. मी अमेरिकेतल्या युटा राज्यात लोगन नावाच्या गावात राहतो. सॉल्ट लेक सिटीच्या उत्तरेला कॅश व्हॅली म्हणून एक खोरं आहे, त्यात हे गाव वसलंय. पश्चिमेला वेल्सव्हिलचे डोंगर, पूर्वेला बेअर रिव्हर रांग, आणि मधला तळ समुद्रसपाटीपासून साधारण साडेचार हजार फूट उंच. युटा स्टेट युनिव्हर्सिटी इथलीच, त्यामुळे एम.एस.ला आलेली मराठी मुलं अधूनमधून भेटतात.

हिवाळ्यात इथे एक वेगळाच प्रकार घडतो. भूगोलात 'तापमानाची विपरीतता' शिकलो होतो, आठवतंय? एरवी वर जावं तशी हवा थंड होत जाते. इथे मात्र बर्फाने झाकलेल्या तळाशी गार, जड हवा साचते आणि तिच्यावर उबदार हवेचा थर झाकणासारखा बसतो. वारा नसला तर हे झाकण आठ-आठ दिवस हलत नाही. गाड्यांचा धूर, लाकडांचा धूर, शिवाय खोऱ्यातल्या गोठ्यांमधला अमोनिया, सगळं त्या झाकणाखाली कोंडतं. अमोनिया आणि नायट्रोजनची ऑक्साइडं मिळून अमोनियम नायट्रेटचे बारीक कण हवेतच तयार होतात. जानेवारी २००४ मध्ये लोगनमध्ये पीएम २.५ कणांचं प्रमाण घनमीटरला १३० मायक्रोग्रॅमच्या वर गेलं होतं. आज तिथली चोवीस तासांची मर्यादा ३५ आहे. २००९ मध्ये हे खोरं सरकारी यादीत 'मर्यादा न पाळणारं' म्हणून लागलं, ते थेट २०२१ मध्ये त्यातून सुटलं. हवा बिघडली की लाकूड जाळायला बंदी घालतात. गॅसला ती बंदी नाही. गॅस जाळूनही नायट्रोजनची ऑक्साइडं निघतातच, पण लाकडाच्या धुराशी त्याची तुलनाच नको.

आमचं घर जुनं. दिवाणखान्यात विटांची लाकूड जाळायची फायरप्लेस होती, दिसायला झकास आणि कामाला शून्य. उघड्या फायरप्लेसची बहुतेक उष्णता धुराड्यातून वर जाते. शिवाय ते धुराडं खोलीतली गरम हवाही ओढून नेतं आणि तिच्या जागी फटीफटींतून बाहेरची उणे अंशांतली हवा आत शिरते. म्हणजे विस्तवापुढे बसलेला शेकतो आणि मागच्या खोलीतला कुडकुडतो! घर तापवायला तळघरात गॅसची भट्टी आहे, फर्नेस म्हणतात तिला. पण तिचा पंखा विजेवर चालतो. वीज गेली की गॅस असूनही घर थंड. त्या वर्षी आई-बाबा पहिल्यांदाच हिवाळ्यात सहा महिने राहायला येणार होते. उणे वीसच्या रात्री लाइट गेले तर त्यांना घेऊन कुठे जायचं, हा माझ्यापुढचा खरा प्रश्न होता.

दुकानात गेलो. तिथे फायरप्लेस साड्यांसारख्या मांडलेल्या असतात: ही बघा ज्योत, ही बघा लाकडं, हे निखारे कसे चमकतात ते बघा. विक्रेता ज्योतीबद्दल अर्धा तास बोलला. मला एवढंच विचारायचं होतं की हिला हवा कुठून मिळते आणि धूर कुठे जातो. सगळी निवड या एका प्रश्नावर ठरते, बाकी सगळी सजावट.

या हिशेबाने तीन जाती आहेत. पहिलीला धुराडंच नसतं. हवा खोलीतली आणि जळालेला वायूही खोलीतच. "नव्याण्णव टक्के एफिशियन्सी, सर!" असं विक्रेता म्हणाला, आणि ते खोटं नाही, कारण बाहेर काहीच जात नाही. पण मिथेनचं समीकरण मांडून बघा: १६ ग्रॅम मिथेन जळलं की ३६ ग्रॅम पाणी. तीस हजार बीटीयूची, म्हणजे साधारण ८.८ किलोवॅटची शेकोटी तासाला सुमारे ५७० ग्रॅम गॅस जाळते, म्हणजे तासाला सव्वा लिटरहून जास्त पाणी वाफेच्या रूपात खोलीत सोडते! बाहेर उणे वीस असताना ते खिडक्यांवर आणि भिंतींत जमतं, मग बुरशी धरते. कार्बन डायऑक्साइड आणि नायट्रोजन डायऑक्साइड वेगळेच. ऑक्सिजन अठरा टक्क्यांच्या आसपास उतरला की गॅस तोडणारा सेन्सर तिच्यात असतो. पण जिथे खिडकी उघडणं परवडत नाही तिथे असलं यंत्र मी तरी ठेवणार नाही. कॅलिफोर्नियात तर घरांत ती लावायला परवानगीच नाही.

दुसरी जात खोलीतली हवा घेते आणि धूर पाइपाने छपरावर सोडते. हे बरं वाटतं, पण धूर वर जातो तो फक्त गरम असल्यामुळे, आणि तो ओढ फार नाजूक असतो. स्वयंपाकघरातला मोठा एक्झॉस्ट आणि कपडे वाळवायचं मशीन एकाच वेळी चालू केलं की घट्ट बंद घरात दाब बाहेरच्यापेक्षा कमी होतो, आणि तोच पाइप उलटा वाहू लागतो. धूर घरात!

तिसरी जात 'डायरेक्ट व्हेंट'. पुढे पक्की सीलबंद काच. जळायला हवा बाहेरून येते, धूर बाहेरच जातो, खोलीतल्या हवेशी ज्योतीचा संबंधच नाही. भिंतीतून जाणाऱ्या प्रकारात पाइपात पाइप असतो, आतल्यातून धूर बाहेर आणि भोवतालच्या पोकळीतून ताजी हवा आत. आम्ही घेतला 'इन्सर्ट', म्हणजे जुन्या विटांच्या कोनाड्यात सरकवायचा लोखंडी खोका. त्याला तीन-तीन इंची दोन लवचीक अॅल्युमिनियमच्या नळ्या, जुन्या धुराड्यातून वर नेलेल्या. बाबा म्हणाले, "अरे, एवढं मोठं धुराडं आहे, त्यात परत नळ्या कशाला?" कारण ते धुराडं लाकडाच्या मोठ्या जाळासाठी बांधलेलं. गॅसचा थोडासा धूर त्यात थंड होऊन रेंगाळतो, त्यातलं पाणी विटांवर सुटतं आणि वर्षा-दोन वर्षांत सांधे कुजतात.

आता किती मोठी घ्यायची? विक्रेत्याचं उत्तर तयार होतं, "चाळीस हजार बीटीयू, नंतर पस्तावायला नको!" मी घरी येऊन आपलं यूए डेल्टा टी केलं. दिवाणखाना २० बाय १५ फूट. खिडक्या ६ चौरस मीटर, यू ३, म्हणजे १८. भिंत २० चौरस मीटर, यू ०.५, म्हणजे १०. छत ७, फटींतून येणारी हवा ११. बेरीज ४६ वॅट प्रति अंश. आत २१, बाहेर उणे २०, फरक ४१. गुणाकार सुमारे १.९ किलोवॅट, म्हणजे साडेसहा हजार बीटीयू! चाळीस हजारांची लावली असती तर दहा मिनिटांत घामाघूम होऊन बंद करावी लागली असती. वीज गेल्यावर शेजारच्या दोन खोल्याही धराव्यात म्हणून मी कमाल २४ हजारांची आणि ज्योत खाली ८ हजारांपर्यंत उतरवता येणारी घेतली. जाहिरातीत कमाल आकडा मोठ्या अक्षरात असतो. विचारायचा तो किमान.

शिवाय २४ हजार म्हणजे २४ हजार नव्हेत. उंचीवर हवा विरळ असते, तेवढ्याच आकारमानात ऑक्सिजन कमी. नोझलचं भोक समुद्रकाठचंच ठेवलं तर मिश्रण रिच होऊन काजळी आणि कार्बन मोनॉक्साइड वाढतात. म्हणून दोन हजार फुटांच्या वर, समुद्रसपाटीपासून मोजून, दर हजार फुटांना चार टक्के क्षमता कमी धरायचा नियम आहे. आमचे अठरा टक्के गेले, उरले १९,७००. त्याच्या सत्तर टक्के खोलीत येतात म्हटलं तर चार किलोवॅट. पुरेसे झाले.

पेटवायची पद्धतही बघून घ्यावी लागते. मी जुन्या वळणाची, कायम जळणारी पायलट ज्योत असलेली घेतली. त्या ज्योतीवर थर्मोपाइल असतो, अनेक थर्मोकपल ओळीने जोडलेले. तो अर्ध्या-पाऊण व्होल्टइतकी वीज स्वतःच तयार करतो आणि त्यावर गॅसचा व्हॉल्व्ह उघडा राहतो. बाहेरची वीज लागतच नाही. (सीबेक इफेक्ट! लॅबमध्ये गॅल्व्हानोमीटरचा काटा हलवायला वापरला होता, तोच.) पायलट विझली की व्होल्टेज पडतं, व्हॉल्व्ह आपोआप बंद. पायलटला गॅस लागतोच, म्हणून उन्हाळ्यात ती बंद ठेवतो.

बसवायला लायसन्सवाला माणूस आणि नगरपालिकेचं परमिट लागतं. तो माणूस शांत आणि चोख होता. गॅसच्या पाइपाला शटऑफ व्हॉल्व्ह, त्यापुढे कचरा साठायला खाली उतरलेला छोटा नळीचा तुकडा, मग लाइन हवेने भरून गेज लावून ठेवलं. काटा हलला नाही हे इन्स्पेक्टरने स्वतः पाहिलं. शेवटच्या सांध्यांना साबणाचं पाणी. आपल्याकडे सिलिंडरचा रेग्युलेटर तपासतात तसंच, फरक एवढाच की इथे ते केल्याशिवाय सहीच मिळत नाही.

सिरॅमिकची खोटी लाकडं मात्र मला वाटलं शोभेची असतील. माणूस पुस्तिका उघडून एकेक लाकूड खुणेवरच ठेवत होता. कारण विचारलं तर म्हणाला, ज्योत गार लाकडावर आपटली की अर्धवट जळते. एकदम पटलं! त्यात ही ज्योत मुद्दाम पिवळी ठेवलेली असते. आई शेगडीच्या हिशेबाने म्हणाली, "पिवळी जळतेय, बर्नर साफ कर." शेगडीच्या बाबतीत ती शंभर टक्के बरोबर आहे. इथे हवा मुद्दाम कमी देऊन दिसायला पिवळी करतात, आणि म्हणूनच ती काचेआड हवी. काच भयंकर तापते. त्यामुळे २०१५ पासून तिथे अशा काचांपुढे यंत्रासोबतच जाळी द्यावी लागते. घरात लहान मूल असेल तर ती जाळी काढायचीच नाही.

सगळं मिळून साधारण पाच हजार डॉलर झाले. जानेवारीत एका संध्याकाळी चार तास वीज गेली. बाहेर उणे सतरा होतं, दिवाणखाना एकोणीसच्या खाली गेला नाही आणि आई-बाबा पत्ते खेळत होते.

आता बाथरूम. वरची पहिली जात, हवा खोलीतली आणि धूर खोलीत, तुम्ही पाहिली आहे. आपल्याकडे तिला गॅस गिझर म्हणतात. मिनिटाला सहा लिटर पाणी तापवणारा गिझर साधारण १२ किलोवॅटचा, म्हणजे माझ्या शेकोटीपेक्षा मोठा! तासाला ०.९४ किलो एलपीजी, त्याला १२ घनमीटर हवा. चार बाय सहाचं, आठ फूट उंच बाथरूम म्हणजे ५.४ घनमीटर. दहा मिनिटांच्या आंघोळीला २ घनमीटर हवा लागते, बाथरूममधल्या हवेच्या एक तृतीयांशाहून जास्त. थंडी म्हणून खिडकी बंद, दाराखाली फडकं. ऑक्सिजन उतरतो, ज्वलन अर्धवट होतं, कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपट घट्ट चिकटतो. माणूस आधी गरगरतो, मग कडी काढायचीही ताकद राहत नाही. दर हिवाळ्यात पेपरात अशी बातमी असते, आणि त्यात बरेचदा भाड्याने राहणारी पोरं असतात.

म्हणून रूम बघायला जाल तेव्हा गिझर कुठे आहे ते बघा. तो आणि सिलिंडर बाथरूमच्या बाहेर, उघड्या गॅलरीत हवा, आत फक्त गरम पाण्याचा नळ. आतच असेल तर मालकाला हलवायला सांगा, आणि तोवर बाहेरच बादली भरून घ्या, गिझर बंद करा, दार उघडं ठेवून हवा जाऊ द्या, मगच आंघोळ. एक्झॉस्ट फॅन लावला की झालं असं नाही. हवा आत यायला खाली जाळी नसेल तर फॅन नुसता दाब कमी करतो. आंघोळीत डोकं जड झालं, मळमळलं, तर साबण अंगावर असला तरी आधी दार उघडून बाहेर. कोणी आत पडलेला दिसला तर त्याला आधी मोकळ्या हवेत ओढा, गिझर बंद करा आणि हॉस्पिटलला न्या. डॉक्टरांना 'गॅस गिझर चालू होता' हे आवर्जून सांगा. साधा बोटाला लावायचा ऑक्सिमीटर अशा वेळी फसवा नॉर्मल आकडा दाखवतो.

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म भारतातही ऑनलाइन मिळतो. आमच्याकडे प्रत्येक मजल्यावर एक आहे. त्याचा सेन्सर काही वर्षांनी निकामी होतो, तेव्हा मागची तारीख पाहून घ्या आणि बसवल्याचा दिवस मार्करने वर लिहून ठेवा.