कॅज्युअल्टीत व्हॉलंटियर नक्की करतो काय?

१०८ रुग्णवाहिकेवरच्या भागानंतर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न पाठवला: ‘दादा, तू रविवारी हॉस्पिटलमध्ये जातोस, पण तू तर डॉक्टर नाहीस. मग तिथे करतोस काय?’ प्रश्न रास्त आहे. आजचा भाग त्यावरच. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं पडतं त्यांच्यासाठी हे शब्दांकन. बोलण्यातलं बरंचसं तसंच ठेवलंय.

मी मुंबईतल्या एका महापालिका रुग्णालयाच्या अपघात विभागात असतो. पाटीवर अपघात विभाग, तोंडात कॅज्युअल्टी. रविवारी चार तास. इंजेक्शन, ड्रेसिंग, सलाईन यातल्या कशालाही मी हात लावत नाही, आणि लावायचाही नसतो. माझं काम पडद्याच्या अलीकडे, नातेवाइकांच्या बाजूला.

आता ही बाजू कशी असते बघा. टॅक्सीतून किंवा रुग्णवाहिकेतून पेशंट उतरतो, वॉर्डबॉय मामा स्ट्रेचर आत नेतात आणि बरोबरचा माणूस दारात उभा राहतो. केसपेपर कुठल्या खिडकीवर काढायचा, एक्स-रे कुठे, रक्तपेढी कुठल्या इमारतीत, त्याला काहीच माहीत नसतं. अपघात असेल तर पोलीस नोंद होते, एमएलसी म्हणतात तिला. तो शब्द ऐकला की अर्धी माणसं घाबरतात, आपल्यालाच अडकवतील म्हणून. अनोळखी माणसाला उचलून आणणारे तर मागच्या मागे पळायच्या बेतात असतात. त्यांना मी थांबवून सांगतो की २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आणि २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यातल्या कलम १३४-अ ने मदत करणाऱ्याला संरक्षण दिलंय. नाव सांगायची सक्ती नाही. चेहरा लगेच सैल होतो.

पण सगळ्यात जास्त वेळ जातो तो एकाच प्रश्नात: ‘आम्ही आधी आलो, मग त्याला आधी का घेतलं?’

एकदा एक काका मुलीला घेऊन आले होते. काचेने हात कापलेला, ओढणी रक्ताने भिजलेली. त्यांच्या मागून एक माणूस चालत आला, बाकावर बसला, घाम पुसत होता. सिस्टरने त्यालाच आधी आत घेतलं. काकांचा आवाज चढला, आणि चढणारच. लेकीचं रक्त डोळ्यांसमोर वाहतंय! मी त्यांच्या शेजारी बसलो आणि समजावलं. काका, इथे रेशनच्या दुकानासारखा नंबर नसतो. याला ट्रायाज म्हणतात. कोणाला मिनिटांत धोका आहे ते आधी बघतात. तुमच्या मुलीच्या जखमेवर दाबून पट्टी बांधलीय, रक्त थांबतंय, ती बोलतेय. त्या माणसाच्या छातीत दुखत होतं. ते दिसत नाही, पण हार्ट अटॅक असेल तर जाणारं प्रत्येक मिनिट हृदयाचा स्नायू मारतं. लाल, पिवळा, हिरवा असे गट करतात. लाल म्हणजे आत्ताच्या आत्ता. हिरवा म्हणजे ‘तुमची पर्वा नाही’ असं नव्हे, तुम्ही थांबू शकता एवढंच.

काका गप्प झाले. पटलं का, ते माहीत नाही. आवाज मात्र खाली आला, आणि आतल्या निवासी डॉक्टरला दाराकडे न बघता काम करता आलं. डॉक्टरांवरच्या हल्ल्यांच्या बातम्या आपण वाचतो. त्यासाठी महाराष्ट्रात २०१० पासून वेगळा कायदा आहे. कायदा हवाच. पण मला विचाराल तर कॅज्युअल्टीतला निम्मा राग हा काहीच न कळण्याचा राग असतो, आणि तिथे कायद्याआधी माणूस पोचला पाहिजे.

म्हणून आमचा एक नियम आहे. ‘काही होणार नाही, सगळं ठीक होईल’ असं कधीच म्हणायचं नाही. ते आपल्याला माहीत नसतं. म्हणायचं ते असं: ‘मावशी, डॉक्टर तपासतायत. मी दहा मिनिटांनी विचारून येतो.’ आणि दहा मिनिटांनी खरंच यायचं. आत नवीन काही कळलं नसेल तरी यायचं, आणि तेच सांगायचं.

दुसरा नियम पाण्याचा. पेशंट पाणी मागतो, आईचा जीव तुटतो, ती बाटली उघडते. तिथे हळूच हात धरावा लागतो. ऑपरेशनला न्यावं लागलं आणि पोटात काही असलं, तर भूल देताना उलटी होऊन ती फुप्फुसात जाऊ शकते. ओठ ओले करायचे की नाही, तेसुद्धा सिस्टरला विचारून. आईला कारण सांगितलं की ती ऐकते. नुसतं ‘पाणी देऊ नका’ म्हणून ओरडलं की ऐकत नाही.

आणि मोबाइल खिशात. पेशंटचा फोटो नाही, स्टोरी नाही, घरी जाऊन नावासकट किस्साही नाही. वरच्या काकांची ओळख पटेल असं काही मी सांगितलेलं नाही, ते याचसाठी.

एक गोष्ट मला खटकते, तीही बोलतो. मामा-मावश्या कमी आहेत म्हणून स्ट्रेचर ढकलायला व्हॉलंटियर, असं अनेकदा होतं. एखाद्या दिवशी ठीक आहे. पण ती पगाराची, प्रशिक्षणाची कामं आहेत. मान किंवा मणक्याला मार लागलेला पेशंट चुकीचा उचलला तर जन्माचं नुकसान होतं. भरती न करता कॉलेजच्या पोरांवर भागवणं ही सेवा नव्हे. व्हॉलंटियरने तिथे नम्रपणे ‘नाही’ म्हणावं.

कुणाला यायचं असेल तर थेट कॅज्युअल्टीत धडकू नका. मोठ्या सरकारी आणि महापालिका रुग्णालयांत वैद्यकीय समाजसेवक असतात, आधी त्यांना भेटा. लेखी परवानगी आणि ओळखपत्र घ्या. हेपॅटायटिस बी ची लस घेतली नसेल तर आधी ती. तीन डोस असतात, साधारण सहा महिन्यांत पूर्ण होतात. तमिळ, कन्नड, भोजपुरी येत असेल तर आवर्जून सांगा. मुंबईत केसपेपरच्या खिडकीवर भाषा येणारा माणूस सोन्यासारखा.

आणि जे येणार नाहीत त्यांनी निदान एवढं करा. बेशुद्ध पेशंट एकटा आला की केसपेपरवर नावाच्या जागी ‘अज्ञात’ लिहिलं जातं. खिशातला फोन वाजत असतो, पण लॉक उघडत नाही आणि तेवढ्यात बॅटरी संपते. फोनच्या सेटिंगमध्ये इमर्जन्सी माहितीचा भाग असतो. तिथे घरच्या एकाचा नंबर, रक्तगट आणि कुठल्या औषधाची ॲलर्जी असेल तर ती भरा, आणि लॉक स्क्रीनवरून दिसेल असं ठेवा. मग आईबाबांचा फोन घ्या आणि त्यातही भरा.