कुकरचे झाकण: सत्तर ग्रॅम आणि तीनशे किलो

स्वयंपाकघरातील सर्वांत धोक्याची वस्तू कोणती, असे वर्गात विचारले तर मुले बहुधा सुरी, विळी, गॅस ही नावे घेतील. प्रेशर कुकरचे नाव लवकर सुचणार नाही. ज्या भांड्यात वाफ कोंडलेली असते, त्याच्या शेजारी उभे राहून आपण निर्धास्तपणे पोळ्या लाटतो. ही निर्धास्ती कुठून आली? ती काही आपोआप आलेली नाही. कुकरच्या झाकणावर दिसणारा प्रत्येक भाग हे कुणीतरी शोधलेले एका अडचणीचे उत्तर आहे. ती उत्तरे आपण क्रमाने पाहू.

प्रथम अडचण समजून घेऊ. समुद्रसपाटीला पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते. आच कितीही मोठी केली तरी उघड्या भांड्यातील पाण्याचे तापमान त्यापुढे जात नाही. जास्तीची उष्णता फक्त पाण्याची वाफ करते. उंचावर हवेचा दाब कमी असल्याने उत्कलनबिंदूही उतरतो. सुमारे १,३७० मीटर उंचीच्या महाबळेश्वरला तो ९५ ते ९६ अंशांच्या आसपास असतो, तर साधारण ३,५०० मीटरवरील लेहला ८८ अंशांच्या जवळपास. तेथे उघड्या पातेल्यात तूरडाळ शिजवणे ही परीक्षाच असते. उलट दाब वाढवला की उत्कलनबिंदू चढतो. बाहेरच्या हवेपेक्षा दर चौरस सेंटिमीटरला १ किलो इतका अधिक दाब आत राखला, तर पाणी सुमारे १२० अंशांना उकळते. तापमान १० अंशांनी वाढले की अनेक रासायनिक क्रियांचा वेग अंदाजे दुप्पट होतो, हा ढोबळ नियम लावला तर २० अंशांनी तो चौपट होईल. डाळ लवकर का शिजते, याचे उत्तर यात आहे.

आता याची दुसरी बाजू पाहा. कुकरच्या झाकणाचा व्यास २० सेंटिमीटर धरला, तर त्याचे क्षेत्रफळ सुमारे ३१४ चौरस सेंटिमीटर होते. म्हणजे वाफ ते झाकण ३१४ किलो वजनाइतक्या बलाने वर ढकलत असते. पाच धडधाकट माणसे झाकणावर उभी राहिली तरच ते जागेवर राहील, एवढे हे बल आहे! दाब आणखी वाढत गेला तर काय होईल, हे सांगायला नको.

हा प्रश्न सर्वप्रथम डेनिस पापँ या फ्रेंच संशोधकाला पडला. लंडनमध्ये रॉबर्ट बॉइल यांच्याबरोबर काम केलेल्या पापँने १६७९ साली रॉयल सोसायटीपुढे आपले ‘पाचक’ यंत्र ठेवले. जाड धातूचे भांडे आणि स्क्रूने आवळलेले झाकण असलेल्या या यंत्रात हाडेसुद्धा मऊ होत. १६८२ मध्ये सोसायटीच्या सभासदांना त्यात शिजवलेले जेवणही वाढण्यात आले. पण पापँची खरी कल्पकता झाकणावरच्या एका लहान भोकात होती. त्या भोकावर बूच, बुचावर एक तरफ आणि तरफेच्या टोकाला वजन. दाब ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की बूच उचलले जाई आणि वाफ निसटे. हाच सुरक्षा व्हॉल्व्ह.

आपल्या कुकरची शिट्टी ही त्याचीच वंशज आहे. तरफ गेली, वजन थेट भोकावर बसले. भोकाचा व्यास ३ मिलिमीटर धरला तर क्षेत्रफळ सुमारे ०.०७ चौरस सेंटिमीटर येते. १ किलोच्या दाबाला त्यावर बल पडते केवळ ७० ग्रॅमचे! म्हणून साधारण ७० ग्रॅमचे वजन तेथे पुरते. दाब तोच, पण मोठ्या झाकणावर तीनशे किलो आणि बारीक भोकावर सत्तर ग्रॅम. दाब आणि बल यांत गल्लत करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी याहून चांगले उदाहरण आम्हाला ठाऊक नाही.

शिट्टी झाली, याचा अर्थ दाबाची मर्यादा गाठली गेली. त्यानंतर आच मोठी ठेवून तापमान वाढत नाही, इंधन मात्र वाया जाते. म्हणून पहिल्या शिट्टीनंतर गॅस बारीक करावा.

पण डाळीचे साल किंवा भाताचा कण अडकून ते भोकच बुजले तर? अशा वेळी दुसरा पहारेकरी लागतो. झाकणावरच्या सेफ्टी व्हॉल्व्हमध्ये सहज वितळणाऱ्या मिश्रधातूची गोळी असते. नेहमीच्या तापमानाला ती घट्ट राहते. पाणी आटून किंवा दाब वाढून तापमान फार चढले की ती वितळते आणि वाफेला वाट मिळते. ही युक्ती बाष्पयंत्रांकडून आली आहे. १८०३ साली इंग्लंडमध्ये ग्रिनिच येथे रिचर्ड ट्रेव्हिथिक यांच्या यंत्राचा बॉयलर फुटून माणसे दगावली, तेव्हापासून त्यांनी बॉयलरमध्ये शिशाचे बूच बसवायला सुरुवात केली. घरातील विजेचा फ्यूजही याच जातीचा. मोडायचेच असेल तर आपण ठरवलेल्या जागी मोडावे, हा त्यामागचा विचार.

तिसरी भीती माणसाच्या घाईची. आत वाफ असतानाच कुणी झाकण उघडले तर? १९५९ साली मुंबईत सुरू झालेल्या हॉकिन्सच्या कुकरमध्ये झाकण आतून बसते. वाफ त्याला बाहेर फेकत नाही, उलट तोंडाशी अधिक घट्ट दाबते. ज्या बलाची भीती, त्यालाच राखणदार केले! दाब उतरेपर्यंत ते झाकण कुणाच्या हाताने खाली ढकलले जाणे शक्य नाही. तोंडापेक्षा मोठे झाकण आत जाते कसे, असे मुलांना विचारा. झाकण आणि तोंड किंचित लंबगोल असल्याने ते तिरपे करून घालता येते.

चौथी अडचण मात्र कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडणार नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उत्तर भारतात कुकर फुटल्याच्या तक्रारी येऊ लागल्या, तेव्हा प्रेस्टिज कुकर बनवणाऱ्या कंपनीचे टी. टी. जगन्नाथन यांनी कारण शोधले. ते निघाले बाजारातील बनावट सेफ्टी व्हॉल्व्ह. वितळायला हवे तेव्हा ते वितळतच नव्हते. बाजारातला प्रत्येक नकली भाग कोण तपासणार? त्यावरचा उपाय असा निघाला, की झाकणाच्या कडेला एक फट ठेवायची. बाकीचे मार्ग बंद पडून दाब फार वाढला, की रबरी रिंग त्या फटीतून बाहेर येते आणि वाफ निघून जाते. विकत घेतलेला भाग नकली निघेल, हेही येथे गृहीत धरले आहे.

घरगुती कुकरवर आयएसआय चिन्ह सक्तीचे करणारा केंद्र सरकारचा आदेश २०२० साली निघाला आणि २०२१ च्या फेब्रुवारीपासून लागू झाला. खरेदी करताना ते चिन्ह पाहावे. व्हॉल्व्ह आणि रिंगही त्याच कंपनीची घ्यावी.

शिक्षकांसाठी एक सोपा प्रयोग. कुकर थंड आणि रिकामा असू द्या. शिट्टीचे वजन सोन्याच्या किंवा किराणा दुकानातील अचूक काट्यावर करा. नळीच्या भोकात जेमतेम बसणारा खिळा शोधून त्याची जाडी मोजा. विद्यार्थ्यांना क्षेत्रफळ काढू द्या आणि वजनाला त्याने भागू द्या. उत्तर दर चौरस सेंटिमीटरला १ किलोच्या आसपास यावे. मग झाकणाचा व्यास मोजून त्यावरचे एकूण बल काढायला सांगा. शेवटी नळी उजेडाकडे धरून भोक आरपार दिसते का, हे प्रत्येकाने पाहावे. हे शेवटचे काम मुलांनी घरी रोज, कुकर गॅसवर चढवण्यापूर्वी करावे. कुकर दोन तृतीयांशापेक्षा अधिक भरू नये, आणि फेस येणारी डाळ असेल तर निम्म्यावरच थांबावे.

चांगली वस्तू घडवणारा माणूस फक्त ती कशी चालेल एवढाच विचार करत नाही. वापरणारा विसरेल, घाई करेल, फसवला जाईल, तेव्हा काय होईल, हेही तो आधी विचारतो. आपल्या वर्गातील मुलांनी इस्त्री, मिक्सर किंवा तीन पिनांचा प्लग हातात घेऊन हाच प्रश्न विचारायला काय हरकत आहे? प्लगची एक पीन इतर दोघींपेक्षा लांब का असते, येथून सुरुवात करता येईल.