संगणकाची नोंदवही: तिचा दोष व तिची दुरुस्ती

सराफाच्या पेढीवर दिवसभर जें घडतें तें कारकून रोजकीर्दींत उतरून ठेवितो. संगणकावर चालणाऱ्या मोठ्या कारभारालाहि अशी रोजकीर्द लागते. खात्यांतून पैसे निघाले, कोणी चुकीचा परवलीचा शब्द दिला, तिकीट निघतां निघतां काम अडलें, अशा प्रत्येक घटनेची एक ओळ वेळेसह लिहिली जाते. या नोंदीला लॉग म्हणतात. रात्रीं यंत्र बिघडलें तर सकाळीं येणाऱ्या तंत्रज्ञाला बहुधा हाच एक साक्षीदार उरतो.

जावा या संगणक-भाषेंत लिहिलेल्या असंख्य आज्ञावल्या ही नोंद स्वतः करीत नाहींत. तें काम त्या लॉगफोरजे नांवाच्या तयार लायब्ररीकडे सोंपवितात. श्रोत्यांनीं या शब्दानें गोंधळूं नये. येथें पुस्तकांचीं कपाटें नाहींत. पुनःपुन्हां लागणाऱ्या सूचनांचा तयार संच, इतकाच अर्थ. लॉगफोरजे अपाचे सॉफ्टवेअर फाउंडेशन या संस्थेच्या छत्राखालीं तयार होतें आणि विनामूल्य मिळतें. बड्या बड्या कंपन्यांचा कारभार ज्यावर चालतो, त्याची देखभाल मूठभर मंडळी, आणि तींहि बहुतांशीं स्वयंसेवक, करीत आलीं आहेत, ही गोष्ट कंपन्यांना भूषणावह नव्हे.

२०१३ सालीं त्यांत एक सोय घालण्यांत आली. लिहावयाच्या मजकुरांत डॉलरचें चिन्ह व महिरपी कंस यांची ठराविक खूण आढळली, तर त्या जागीं योग्य ती माहिती शोधून घालावयाची. जेएनडीआय या व्यवस्थेमार्फत ती माहिती दुसऱ्या संगणकावरूनहि आणतां येई. परंतु नोंदवहींत येणारा मजकूर पुष्कळदां परक्या माणसाचा असतो, हें ध्यानांत राहिलें नाहीं. एखाद्यानें आपलें नांव म्हणून ती खूण व स्वतःच्या यंत्राचा पत्ता लिहिला, कीं कारकून तें नांव निमूटपणें लिहिण्याऐवजीं त्या पत्त्यावर जाई, आणि तेथून मिळालेली आज्ञावली आपल्याच पेढींत चालूं करी. माइनक्राफ्ट या मुलांच्या आवडत्या खेळांत गप्पांच्या चौकटींत एक ओळ टंकून दुसऱ्याचें यंत्र ताब्यांत घेतां येई.

अलीबाबा या चिनी कंपनीच्या सुरक्षा-विभागानें हा दोष २४ नोव्हेंबर २०२१ रोजीं अपाचेला कळविला. ९ डिसेंबरला तो जगजाहीर झाला. गांभीर्याच्या मापांत त्याला १० पैकीं १० गुण मिळाले. त्याच महिन्यांत बेल्जियमच्या संरक्षण-खात्यावर याच वाटेनें हल्ला झाला.

दुरुस्ती एका फटक्यांत झाली नाहीं. २.१५.० ही आवृत्ति अपुरी ठरली. २.१६.० मध्यें मजकुरांतील खूण पाळण्याची रीतच काढून टाकली. २.१७.० नें खुणेंत खूण गुंतवून यंत्र ठप्प करण्याचा मार्ग बंद केला, आणि २.१७.१ नें उरलेलें एक छिद्र बुजविलें. हें सारें डिसेंबर संपण्यापूर्वीं.

खरी अडचण निराळीच होती. पुष्कळ मालकांना आपल्या घरांत लॉगफोरजे आहे हेंच ठाऊक नव्हतें. जावाचा माल जार नांवाच्या गठ्ठ्यांतून येतो, आणि गठ्ठ्यांत गठ्ठा असतो. कोणी एक लायब्ररी घेतली, तिनें दुसरी घेतली, दुसरीच्या पोटांत लॉगफोरजे. नुसतें फायलीचें नांव शोधून भागत नाहीं. प्रत्येक गठ्ठा उघडून आंत जेएनडीआय-लुकअप हा भाग आहे काय, तें पाहावें लागतें. नवी आवृत्ति लगेच बसवितां येत नसेल तेथें तेवढा भाग गठ्ठ्यांतून काढून टाकणें हा तात्पुरता उपाय होता. प्रारंभीं सुचविलेली, ती सोय बंद करण्याची एक मांडणी मात्र पुरेशी ठरली नाहीं.

नवी आवृत्ति बसवितांना दोन भाग बरोबर बदलावे लागतात: आज्ञावली ज्याच्याशीं बोलते तो एपीआय आणि प्रत्यक्ष लिहिणारा कोअर. एक नवा व एक जुना राहिला, तर यंत्र सुरू होतांनाच अमुक क्रिया सांपडत नाहीं अशी तक्रार येऊं शकते.

याहून फसवा प्रसंग पहिल्या पिढीच्या लॉगफोरजेवरून दुसरीवर येणारांचा. पहिलीचा आधार २०१५ सालींच संपला. तिच्यांत हा दोष नव्हता म्हणून कित्येक निश्चिंत राहिले. पण तिचे स्वतःचे दोष कायमच आहेत. दुसरी पिढी जुनी मांडणी-फाइल आपण होऊन वाचीत नाहीं. ती न मिळाल्यास केवळ चुकांच्या नोंदी पडद्यावर येतात, बाकीची वही कोरी राहते, आणि काम सुरळीत चाललेलें पाहून कोणाला शंकाहि येत नाहीं. शिवाय जुना गठ्ठा तसाच ठेवून शेजारीं जुन्या-नव्यांना जोडणारा दुभाषा गठ्ठा ठेवला, तर जो आधीं सांपडेल तोच कामाला लागतो. म्हणून जुना गठ्ठा काढावा, दुभाषा ठेवावा, आणि मुद्दाम एक साधी नोंद करवून ती वहींत उतरते कीं नाहीं हें डोळ्यांनीं पाहावें.

एवढें करूनहि पूर्वींच आंत शिरलेला माणूस बाहेर जात नाहीं. त्याचा माग काढण्यासाठीं जुन्या वह्यांत ती खूण शोधतात. परंतु हल्लेखोर तीच खूण तुकड्यांतुकड्यांनीं, दुसऱ्या खुणांच्या आड दडवून लिहीत असत, त्यामुळें सरळ शोधांत ती निसटते. अशा वेळीं आपल्या यंत्रानें त्या दिवसांत बाहेरच्या कोणत्या अनोळखी पत्त्याशीं संधान बांधलें, याची दुसरी वही धुंडाळावी लागते.